संध्याकाळची सावड

उंद्री,
२० ऑक्टोबर २०२४

चिरंजीव गजेंद्र यास पंचफुलावहिनीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं बरं आहे, असं पहिल्या ओळीत लिहायची पद्धत आहे म्हून लिहिलं. तूही तिकडे खामगावात बरा असशीन. छायानं तुह्या खोलीचा पत्ता देला. तुले वाटन, वहिनीले काय झालं, घरात दोन-दोन फोन असून कागद काऊन काळे करून राह्यली. तर बाबू, फोनवर तू "हाव वहिनी, बरं वहिनी" करतं अन् कापसाच्या जिनिंगचा भोंगा वाजला म्हून ठेवून देतं. दिवसातून कितीक वेळा वाजते तो भोंगा, ते एकदा येऊन पाह्यतेच. कागदाले भोंगा ऐकू येत नाही. अन् फोनवर बोलायले आपलं घर लहान आहे.

माह्या अक्षराले हसू नको. तू चौथीत होता तवा मी नवरी होऊन या घरात आली. तुह्या वह्यांवर नाव मीच टाकून देत होती, तवा तुले हेच अक्षर सुंदर वाटे.

सोयाबीन निघालं. छाया आमच्यासंग सोंगायले होती. एकदाही तुहं नाव काढलं नाही तिनं. गीताबाई म्हणे, लोक कामाले पुण्याले जातात, तुहा नवरा खामगावले काऊन गेला? छाया विळा घेऊन पल्याडच्या तासाले लागली. मी गीताबाईले तिथंच झाडलं. मंग दुपारी तिनंच मले तिच्या डब्यातलं भरीत देलं, तवा मिटलं.

तुहा फ्लेक्स उतरवला. तू गेला त्याच दिवशी तुह्या दादानं स्वतः शिडी लावून उतरवला, कोणाले हात लावू देला नाही. आता तो सोयाबीनच्या रचलेल्या सुडीवर झाकला आहे. तोंड खालच्या बाजूनं केलं मी, नाहीतर तू हात जोडून आभाळाकडे पाहात पडला असता वावरात.

हसला असशीन तर बरं वाटन मले. नसशीन हसला तर तेही समजते.

तू काऊन गेला ते मले माहीत आहे. तुले दारू सोडून वर्ष झालं म्हून दादानं ग्रामपंचायतीसमोर सत्कार ठेवला. फाट्यावर तुहा माणसाएवढा फोटो, खाली मोठ्या अक्षरात "एक वर्ष दारूमुक्त, आमचे बंधू गजेंद्रभाऊ यांचे हार्दिक अभिनंदन", अन् कोपऱ्यात शुभेच्छुक म्हून दादाचा फोटो, फेटा घालून. शाल झाली, नारळ झाला, मंग तुह्या हातात माइक देला, दोन शब्द बोल म्हणे. तू उभा होता अन् तुह्या मानेवरची शीर उडून राह्यली होती. मी बायांत बसून पाहून राह्यली होती. शेवटी "धन्यवाद" म्हटलं अन् खाली बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी टपरीवर कोण्या तरी दीडशहाण्यानं "या दारूमुक्त, चहा घ्या" म्हटलं अन् तू पहिली यष्टी धरली.

चुकलंच ते. वाढदिवसाचा फ्लेक्स लागते, निवडून आल्याचा लागते, पोरगी नर्स झाली त्याचा लागते. आपल्या लोकाईले आनंद झाला की दुसरं काही सुचतच नाही. दारू सोडल्याचा लावू नये हे गावात एकाच्याही डोक्यात आलं नाही. माह्याही नाही. मी तर म्हटलं होतं, फोटो जरा चांगला निवडा, त्याचे गाल बसलेले दिसतात.

पण एक दिवस चुकला म्हून आख्खं वर्ष खोटं होत नाही, गजू. तू बुलढाण्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला, तवा तिथली बाई मले बाजूले घेऊन म्हणे, दिवस निघून जाते, दिवेलागणीची वेळ जड जाते, ती याले एकट्यानं काढू देऊ नका. मी येऊन गल्लीत सांगितलं. मनकर्णाबाई म्हणे, मंग त्यात काय, सावड करू. सोंगणीले नाही काय करत, आज तुह्या वावरात सगळ्या बाया, उद्या माह्या वावरात. तशा याच्या संध्याकाळी वाटून घेऊ.

अन् घेतल्या. एका दिवशी मनकर्णाबाईचा ओटा, तिथं बाजाराच्या मेथीच्या जुड्या बांधायच्या. एका दिवशी गीताबाईकडे शेंगा फोडायच्या, तिची टीव्ही एकीकडे अन् तिचं तोंड एकीकडे. राम मास्तरकडे पत्ते. रोज एका घरी, तुहं जेवणही तिथंच. सुरुवातीले तुहे हात असे कापत की तुह्या जुड्या बाजारात पोचायच्या आधीच सुटत. मनकर्णाबाई तू गेल्यावर सगळ्या परत बांधे. तुले कोणी सांगितलं नाही. आता मी सांगून राह्यली.

अन् तुहे दादा रोज तुह्यासंग. पाळी कोणाच्याही घरची असो, हे बाजूले बसलेले. लोक म्हणत, भाऊ असावा तर असा, कशी राखण करते.

हे बरे आहेत. पित्त वाढलं आहे थोडं. संध्याकाळी वावरात जातात, वांग्याले पाणी देयाचं असते. मागल्या आठवड्यात येताना गाडीवरून पडले, रानातली रोही आडवी आली म्हणे. पाय मुरगळला, बाकी काही नाही.

तू दिवाळीले ये. तुले कोणी काही बोलणार नाही, मी घरोघर जाऊन सगळ्याईले तंबी देली आहे. छायासाठी ये. माह्यासाठी ये. मनकर्णाबाईच्या ओट्यावर आता संध्याकाळी कोणीच बसत नाही.

तू पेत नाही, ते मी कोणाले विचारलं नाही. फोनवर तुह्या आवाजावरून समजते. पेलेला माणूस लय नीट बोलते, एकेक शब्द जपून ठेवते खाली. ते मले भिंतीपलीकडूनही समजते.

दादानं आशीर्वाद सांगितला आहे असं लिहिलं असतं, पण या पत्राचं त्याईले माहीत नाही.

तुही वहिनी,
पंचफुला


उंद्री,
११ नोव्हेंबर २०२४

चिरंजीव गजेंद्र यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. तू आला नाही. करंज्या तुह्या वाटच्या काढून ठेवल्या होत्या, त्या शेवटी छायाले देल्या. ती भाऊबीजेले माहेरी जानेफळले जाऊन आली, तिथं तू तिले भेटून गेला, अन् येताना तुहा निरोप घेऊन आली. "वहिनीले सांग, मी पेत नाही, पेणारही नाही. पण गावात येत नाही. दादाले जे मिरवायचं होतं ते मिरवून झालं."

हे वाक्य मी तुह्या दादाच्या कानावर घातलं नाही. पण माह्या डोक्यातून ते जात नाही. भाकर करताना तेच, झाडताना तेच. तुहा राग आला मले. मंग समजलं की तुह्यावर रागावून उपयोग नाही, तुले माहीतच नाही. माहीत होऊ नये म्हून मीच इतके दिवस दारं लावून बसली. मागल्या पत्रातही पित्त लिहिलं, रोही लिहिली.

गजू, तुहे दादा पेतात.

लिहिलं एकदाचं. लग्नाले इतकी वर्षं झाली, हे तीन शब्द मी कोणासमोर बोलली नाही. माह्या आईसमोरही नाही.

आजचं नाही हे. तुहं सगळ्या गावाले दिसे, तू नालीत पडलेला दिसे, याईचं कोणाले दिसलं नाही, एवढाच फरक. वावरातल्या कोठ्यात, फवारणीच्या पंपामागं. अंधार पडला की तिथं बसत, मंग ओवा-बडीशेप खाऊन घरी येत, दोन घास जेवत अन् तोंड भिंतीकडे करून झोपत. सोसायटीचे चेअरमन होते. लोकाईच्या सोयरिकी जुळवत, भांडणं मिटवत. कोणाचा पोरगा पेऊन राह्यला की बाप त्याले याईच्यासमोर आणून बसवे, हे त्याले समजावत. अन् खरं सांगते, चांगलं समजावत. तुले चौकात कानाखाली मारली तवा मी दारात उभी होती. मले वाटलं, हे तुले मारून नाही राह्यले.

तुले गाडीत घालून बुलढाण्याले नेलं, त्या दिवसापासून त्याईनंही बंद केली. मले काही सांगितलं नाही. मी कोठ्यात खुरपं आणायले गेली तर पंपामागं काही नोतं, जमीन झाडलेली होती. तू तिथं केंद्रात डॉक्टरांच्या हाताखाली होता. याईनं घरातच काढलं. अंगावर घोंगडी घेऊन थरथरत, मले म्हणत, थंडी भरली. मी काढा करून देत होती. मी म्हटलं नाही की भर उन्हाळ्यासारख्या दिवसात कायची थंडी. भीती वाटे, विचारलं तर पुन्हा सुरू करतीन.

मंग तू घरी आला अन् सावड सुरू झाली.

ती तुही राखण नोती, बाबू. ते स्वतः बसत होते. मनकर्णाबाई तुह्यासमोर मेथीचा भारा टाके, त्यातला अर्धा ते आपल्याकडे ओढत. तुह्या जुड्या ढिल्या होत, त्याईच्याही होत. मनकर्णाबाईले वाटे, चेअरमनले काय जुडी बांधता येणार. आख्खी गल्ली तुह्यासाठी बसत होती अन् तुह्या आडून हे त्यात बसून घेत होते. वर्षभर माह्या घरात ओव्याचा वास आला नाही. मी त्या वर्षात किती सुखी होती ते तुले कसं सांगू. पहाटे उठून वांगे तोडायले जाताना मी गाणं म्हणे. छाया हसे मले.

म्हून तो फ्लेक्स, गजू. तुहं वर्ष झालं त्या दिवशी त्याईचंही झालं होतं. तुहं सगळ्या गावाले माहीत होतं, त्याईचं कोणालेच नाही. चिखलीले प्रिंटिंगवाल्याकडे दोन चकरा स्वतः मारल्या. "एक वर्ष" ही अक्षरं आणखी मोठी कर म्हणे. फाट्यावर लावल्यावर खाली उभे राह्यले, डोळे भरून आले. लोकाईले वाटलं, भावाचं कौतुक. मी बाजूले उभी होती. मले समजून राह्यलं होतं ते कोणाचं वर्ष पाहून राह्यले. त्याईनं तुले मिरवलं नाही. स्वतःचा आनंद कुठं ठेवावा ते समजलं नाही, तो तुह्या फोटोखाली ठेवला. तुह्यावर काय बीतन याचा विचार केला नाही, तो केला पाह्यजे होता. त्यात मी त्याईच्या बाजूनं बोलत नाही.

तू गेला अन् सावड थांबली. कोणासाठी चालवायची? तरी दुसऱ्या दिवशी दिवेलागणीले हे मनकर्णाबाईच्या ओट्यापर्यंत गेले. मी इकडून पाहून राह्यली होती. ती उठून उभी राह्यली, डोक्यावर पदर घेतला अन् म्हणे, काय काम काढलं चेअरमनसाहेब? हे म्हणे, काही नाही, असाच. अन् परत फिरले. तिनं बस म्हटलं नाही, कारण मोठ्या माणसाले जुड्या बांधायले बस असं कोणी म्हणत नाही. त्यानंतर दोन-चार दिवस घरातच येरझाऱ्या घातल्या. मंग एका संध्याकाळी म्हणे, वांग्याले पाणी देऊन येतो. मी म्हटलं नाही की पाणी तर सकाळीच देलं.

रोही-बिही काही नोती. सरळ रस्त्यावर पडले.

चिखलीले दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पोट दाबून पाह्यलं अन् विचारलं, घेता काय? हे म्हणे, सुपारीसुद्धा नाही. डॉक्टरनं माह्याकडे पाह्यलं अन् मी बी नाही म्हून मान हलवली. सोनोग्राफीत लिव्हर सुजलेलं निघालं. डॉक्टर म्हणे, न घेणाऱ्याचं एवढं सुजलं तर मोठ्या ठिकाणी दाखवा, अन् घेत असतीन तर आज बंद करा, पुढं माह्याही हातात काही राहणार नाही. तरी हे त्याच संध्याकाळी लंगडत वावरात गेले.

मले नवरा पाह्यजे, गजू. फोटोतला फेटा नको मले.

म्हून परवा हिंमत करून मी मनकर्णाबाईले सांगितलं. तिले सांगितलं की गल्ली पुन्हा बसन असं वाटलं. तर ती हसली. म्हणे, काय पंचफुले, भांडण झालं काय घरात? ज्यानं दारूपायी सख्ख्या भावाले चौकात मारलं, तो माणूस पेईन? असं लोकात बोलू नको, शोभत नाही. वरून म्हणे, माहा जावई आला आहे, त्याचं जरा जास्त होऊन राह्यलं, चेअरमनसाहेबाले पाठव त्याले समजवायले. अन् हे गेले. समजावून आले.

तू नालीत पडला ते बरं झालं, असं आता मले वाटते. वाईट वाटून घेऊ नको. सगळ्याईनं पाह्यलं म्हून सगळे उचलायले आले. याईचं इस्तरीचं धोतर कोणाच्या नजरेत मळलंच नाही, तर कोण हात पुढं करन?

केंद्रात चला म्हटलं तर ऐकत नाहीत. माह्यावर चिडतात. मी बाजूले बसली तर मले पाठवून देतात, जा, पोळ्या कर. दिवेलागणीले माणसाच्या जीवात काय होते ते मले माहीत नाही, मी कधी त्यातून गेली नाही. तुले माहीत आहे. तू काही बोलू नको, काही समजावू नको, नुसता ये अन् बाजूले बस. तुह्यासमोर त्याईले चेअरमन होता येणार नाही. फ्लेक्सचा राग आहे तुले, तो ठेव. रागासंग ये. लोक काय म्हणतीन ते म्हणू दे, तुले वर्षभर बसवलं त्या ओट्यावर

इथंपर्यंत लिहिलं होतं अन् हे आले. आज वावरात गेले नोते, मागच्या दारी बसले होते, मले वाटलं झोपले. माह्या मागं उभं राहून किती वाचलं माहीत नाही. मी कागद पदराखाली घेतला. म्हणे, आण.

देला. काय करणार होती?

चष्मा मागितला. ओट्यावर जाऊन उजेडात बसले अन् पहिल्यापासून वाचलं, पाठपोट. मी दारात उभी होती. मले वाटलं फाडतीन, नाहीतर माह्या अंगावर येतीन. मनकर्णाबाई समोरून गेली, "राम राम चेअरमनसाहेब" म्हणे. याईनं वर पाह्यलं नाही.

वाचून झालं. कागद मांडीवर ठेवला. मंग म्हणे, "त्याले खरंच वाटते, मी मिरवलं त्याले?"

मी हाव म्हटलं.

आता पेन मागून राह्यले. देते.

वरील संपूर्ण मजकूर मी वाचला. तो खरा आहे.

गजेंद्र, तुला न विचारता तुझे नाव फाट्यावर लावले, ही माझी चूक झाली. तुझ्या वहिनीने डॉक्टरांना खोटे सांगितले ते माझ्यामुळे. तिचा दोष नाही.

मी पितो. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही. पहिल्यांदा तुला लिहीत आहे. तुला नेले तेव्हा गाडीत मी तुझा हात धरून बसलो होतो, लोकांना वाटले तू पळून जाशील म्हणून धरला. मले स्वतःलेच धरून बसायचं होतं.

मले नेयाले ये. तू नेशीन तर मी येतो, दुसऱ्या कोणासंग येणार नाही.

तुहा भाऊ,
उकंडराव